लक्ष्मी रोडवरचं साडीचं दुकान: विकायचं, हलवायचं की राहायचं? (एक प्रकरण अभ्यास)

हे प्रकरण पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचं आहे. घरच्यांना विचारून लिहितोय, पण दुकानाचं नाव, नेमका चौक आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, त्यामुळे कोणी अंदाज बांधत बसू नका. दोन भाऊ आहेत, त्यांना अण्णा आणि नाना म्हणू. तिसरा अण्णांचा मुलगा, जो कॉलेज संपल्यापासून गल्ल्यावर बसतोय. मी त्यांच्या हिशेबाच्या कामाच्या निमित्ताने बैठकांना असायचो, निर्णय त्यांचेच होते.

लिहायचं कारण एवढंच की रस्त्यावरच्या बऱ्याच दुकानदारांपुढे आज हाच प्रश्न आहे आणि सगळे त्याचं उत्तर पार्किंगपासून सुरू करतात.

पार्श्वभूमी: आधी रस्ता

लक्ष्मी रोड म्हणजे बाहेरच्या माणसाला एक सलग बाजार वाटतो, पण तसा तो नाहीये. पूर्वेकडून नाना पेठेच्या बाजूने आलात की सोन्या मारुती चौकात सराफ, तिथून जवळच रविवार पेठेत कापडगंज आणि बोहरी आळी, म्हणजे होलसेलवाल्यांचं राज्य. पुढे सिटी पोस्ट, मग बेलबाग चौक, जिथे नाना फडणवीसांनी बांधलेलं देऊळ आहे आणि त्याच्या दारातून रोज हजारो लोक आत न बघता पुढे जातात. तिथून डाव्या हाताला मंडई आणि तुळशीबाग. मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ ची, तेव्हा रे मार्केट नाव होतं, आता महात्मा फुले मंडई. तुळशीबागेतलं राममंदिर तर पेशवाईतलं. त्याच्यापुढे मोठी कापडाची आणि सोन्याची दुकानं, हुजूरपागा शाळा (१८८४ ची, म्हणजे आजच्या बहुतेक दुकानांपेक्षा जुनी), आणि मग कुंटे चौक, गरुड गणपती करत करत रस्ता अलका टॉकीजच्या टिळक चौकात संपतो.

आता हे सगळं सांगायचं कारण. या रस्त्यावर माणूस एका वस्तूसाठी येत नाही, यादी घेऊन येतो. लग्नघर असेल तर सोनं, बस्ता, रुखवताचं सामान, तुळशीबागेतून भांडी आणि देवाच्या वस्तू, आहेराच्या साड्या, मग त्या साड्यांना फॉल-पिको, मॅचिंग ब्लाउजपीस, बांगड्या, आणि मधे कुठेतरी बसून काहीतरी खाणं. दिवसभराचा कार्यक्रम असतो तो, आणि सगळा पायी. सांगलीचे पु. ना. गाडगीळ १९५८ मध्ये लक्ष्मी रोडवर आले, आणखीही कितीतरी पेढ्या इथे येऊन मोठ्या झाल्या, त्याचं कारण हेच की गिऱ्हाईक आधीच रस्त्यावर फिरत होतं, त्याला फक्त आत वळवायचं होतं. एका दुकानातून बाहेर पडलेली बाई दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक असते. या रस्त्यावरच्या धंद्याची सगळी मेख यात आहे आणि गंमत म्हणजे पन्नास-साठ वर्षं इथे धंदा करणारे लोकही ती विसरतात.

दुसरं म्हणजे गणपती. अनंत चतुर्दशीला मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागते, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे मानाचे पाच आधी आणि मागून बाकीचे, चोवीस तास उलटून जातात तरी संपत नाही. दुकानं बंद. पण आपल्या या दुकानाला वर गॅलरी आहे, आणि त्या दिवशी तिथे जुन्या गिऱ्हाइकांच्या घरातली माणसं बसलेली असतात. चहा, चिवडा, लहान पोरं कठड्याला लटकलेली. कोणाला बोलवायचं याची यादी आजींच्या काळापासून ठेवलेली आहे, वहीत. कोणाच्या घरी पुढच्या वर्षी लग्न आहे ते त्या गॅलरीतच कळतं. जाहिरातीवर खर्च शून्य.

पार्श्वभूमी: मग दुकान

दुकान अण्णांच्या वडिलांनी सुरू केलं, पानशेतच्या आधी. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा यांचं गोडाऊन नारायण पेठेत नदीच्या बाजूला होतं, सगळा माल चिखलात गेला, पण दुकान वाचलं आणि वडिलांनी येवल्याच्या आणि बनारसच्या व्यापाऱ्यांच्या उधारीवर पुन्हा उभं केलं. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेलीय की कुठल्याही बैठकीत कोणीतरी ती काढतंच, बहुतेक वेळा निर्णय टाळायला.

जागा भाड्याची. जुन्या वाड्याचा रस्त्याकडचा भाग, तोंड अरुंद आणि आत बोळासारखं लांब. खाली काउंटर, मागे गादी, म्हणजे पांढरी चादर घातलेली बैठक जिथे बसून साड्या बघायच्या, वर पोटमाळ्यात स्टॉक आणि पुढे ती गॅलरी. भाडं आजच्या हिशेबाने हसण्यासारखं. भाडेपावती अजून वडिलांच्या नावाने, जे वारून बरीच वर्षं झाली. मालकांनी मधल्या काळात भाडं घ्यायचंच बंद केलं होतं, म्हणून हे लोक दर महिन्याला मनीऑर्डर करायचे आणि ती नाकारून परत आली की कागद फाइलला लावायचे. ती फाइल पुढे फार कामाला आली.

प्रश्न काय होता

एक नव्हता, चार एकदम आले, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यातला वेगळाच मोठा वाटत होता.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत लग्नसराई ऐन भरात असताना गल्ला थंड पडला. पुढच्या वर्षी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि कापडवाल्यांसाठी हा मोठा धक्का होता कारण तोवर कापडाचा बराचसा धंदा कराच्या बाहेर होता. साडीवर ५ टक्के हा दर जड नव्हता, जड होतं ते कागदपत्र. सुरतेच्या आणि येवल्याच्या छोट्या लोकांकडून चिठ्ठीवर येणारा माल बंद झाला, आणि जुनी डिझाइन्स ज्यांच्याकडे होती त्यातले काही पुरवठादार सुटले ते सुटलेच.

मग बस्ता जायला लागला. पूर्वी एका लग्नाचा बस्ता म्हणजे आठ-दहा माणसं, दोन्हीकडची, तीन-चार तास गादीवर. आता ती मंडळी उपनगरातल्या मोठ्या शोरूमला जायला लागली, जिथे गाडी खाली लावायची आणि लिफ्टने वर जायचं. नानांचं ठाम मत की हे फक्त पार्किंगमुळे. आणि ते उगाच नव्हतं. दुकानाच्या दारात सकाळी अकरापासून दुचाकींची भिंत उभी राहते, दोन हँडलांच्या मधून अंग चोरून आत यावं लागतं, साडी नेसलेल्या बाईला तर फारच. त्यातल्या निम्म्या गाड्या आजूबाजूच्या दुकानांच्या स्टाफच्या. (त्यात यांच्या स्वतःच्या पोरांच्याही होत्या, हे बराच काळ कोणी बोललं नाही.)

तिसरं, २०२० चा लॉकडाऊन. २५ मार्चपासून, म्हणजे बरोबर लग्नाच्या मुहूर्तांच्या तोंडावर, भरलेला स्टॉक तसाच पडून.

आणि चौथं, मालकांच्या पुढच्या पिढीने वाडा पाडून नवीन इमारत बांधायची असं कळवलं. सोबत एक तोंडी ऑफर, पैसे घ्या आणि जागा सोडा.

काय पर्याय होते

हे लोक २०२१ च्या दिवाळीनंतर पहिल्यांदा नीट बसले. टेबलावर जे होतं ते असं.

नानांचा पर्याय: मालकांकडून रक्कम घ्यायची, भाडेहक्क सोडायचा, आणि कोथरूड किंवा सिंहगड रोडला पार्किंग असलेली मोठी जागा घ्यायची. आकडे मी मांडून दाखवले होते आणि कागदावर हा पर्याय सगळ्यात सुटसुटीत दिसत होता. कागदावर. त्यात एक गृहीत होतं की गिऱ्हाईक दुकानाचं आहे, रस्त्याचं नाही.

अण्णांचा पर्याय: काहीच करायचं नाही. खटला झाला तर लढू, भाडे नियंत्रण कायदा आपल्या बाजूने आहे. हे अर्धवट खरं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू, तो भाडेकरूला संरक्षण देतो, भाडेवाढ वर्षाला ४ टक्क्यांवर बांधतो, पगडीलाही (भाड्याची जागा देता-घेताना वरून दिली जाणारी रक्कम) त्याने कायदेशीर केलं. पण मालकाला जागा परत मागायची कारणंही त्याच कायद्यात आहेत, त्यात पाडून नवीन बांधणं हे एक आहे, अर्थात अटींसकट. म्हणजे लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं जातील, पण त्याला जिंकणं म्हणायचं का हा वेगळा प्रश्न.

मुलाचा पर्याय: राहायचं, पण दुकानाचा पुढचा भाग बदलायचा. रोजच्या वापराच्या कॉटन साड्या, रेडीमेड ब्लाउज, दुपट्टे, कुर्त्या पुढे आणायच्या. आणि पुढचा एक काउंटर इमिटेशन ज्वेलरीवाल्याला द्यायचा, महिन्याला ठरावीक पैसे मिळतील, साडीला मॅचिंग म्हणून चालेलही.

ही शेवटची कल्पना सगळ्यांना आवडली होती. वकिलांनी तिथल्या तिथे मारली. भाड्याच्या जागेत तिसऱ्याला काउंटर देणं म्हणजे पोटभाडेकरू ठेवल्याचं कारण मालकाच्या हातात आयतं देणं, आणि पावती मयत माणसाच्या नावाने असताना तर बोलायलाच नको. मुलाने मग विचारलं की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तर? त्यालाही तेच उत्तर, धंद्याचा मालक बदलला की भाडेहक्क कोणाचा हा वाद सुरू होतो. हे मुद्दाम विस्ताराने सांगतोय कारण जुन्या बाजारातले कितीतरी लोक पुढचा कोपरा मोबाइल कव्हरवाल्याला देऊन मोकळे होतात आणि नोटीस आल्यावर जागे होतात.

निर्णयाचा क्षण: ११ डिसेंबर

त्याच सुमारास महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ हा पादचारी दिन म्हणून जाहीर केला आणि लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती हा भाग गाड्यांसाठी बंद ठेवायचं ठरलं. शनिवार. ऐन लग्नसराई. नाना भडकले, बाकीच्या काही व्यापाऱ्यांचीही कुरकुर होतीच, की शनिवारचा गल्ला बुडवून हे काय चाललंय. अण्णा म्हणाले बघू तरी.

मुलाने त्या दिवशी एक काम केलं जे खरं तर दहा वर्षांपूर्वी कोणीतरी करायला हवं होतं. दारात वही घेऊन उभा राहिला आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला साधे प्रश्न विचारले: कुठून आलात, कशाने आलात, आमच्याकडे यायच्या आधी कुठे होतात, इथून कुठे जाणार. बायका आनंदाने सांगत होत्या, काही जणींनी तर उलट त्यालाच यादी दाखवली.

रस्त्यावर गर्दी खूप, धंदा मात्र संमिश्र. बस्त्याचं एकही गिऱ्हाईक नाही. पण काउंटरवर संध्याकाळी उभं राहायला जागा नव्हती. कॉटनच्या साड्या, ब्लाउजपीस, भेटवस्तू म्हणून द्यायच्या हलक्या साड्या, हे सगळं उठलं. आणि एक गोष्ट डोळ्यांनी दिसली: गाड्यांची भिंत नसल्यावर दुकानाची काच रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून दिसते. मुलगा पलीकडे जाऊन उभा राहिला, मग अण्णांना नेलं, त्यांनी पण बघितलं, आणि म्हणाले की शोकेसमधली ती पैठणी तर दिवाळीपासून तशीच आहे. होतीच. रोज आतून बघणाऱ्याला ते कळत नाही.

इथे माझा आणि मुलाचा थोडा वाद झाला होता. तो म्हणाला, बघा, गाड्या नसल्या तरी लोक येतात, पार्किंगचा प्रश्न खोटा आहे. मला ते पटलं नाही. एक दिवसाचा उत्सव, वर कार्यक्रम, नवीन काहीतरी म्हणून लोक बघायला आलेले. त्यावर दुकानाचं भवितव्य कसं ठरवणार? म्हणून ठरलं की हीच वही साध्या दिवसांत चालवायची, लग्नसराई धरून, आणि पितृपक्ष किंवा पावसाळ्यासारखे मंदीचे दिवस पण त्यात यायला हवेत.

ते केलं. आणि साध्या दिवसांच्या वहीने जे दाखवलं ते दोघांच्याही म्हणण्यापेक्षा वेगळं होतं. निम्म्याहून जास्त लोक आमच्याकडे येण्याआधी आजूबाजूच्याच कुठल्यातरी दुकानात होते, बहुतेक तुळशीबाग किंवा सोनाराकडे. ते रिक्षाने, बसने आलेले किंवा गाडी मंडईच्या वाहनतळावर, नाहीतर कुठल्यातरी गल्लीत लावून चालत आलेले. त्यांना आमच्या दारात पार्किंग नकोच होतं. चारचाकीने थेट आमच्याकडे येणारे कमी होते, पण तेच बस्तावाले होते आणि एका बिलाची रक्कम त्यांचीच मोठी. म्हणजे दुकानात दोन वेगळी गिऱ्हाइकं होती आणि दोघांना एकाच दारातून, एकाच गादीवर, एकाच सेल्समनकडून सांभाळायचा प्रयत्न चालला होता. नानांना दिसत होती ती एक, मुलाला दुसरी. दोघंही बरोबर, म्हणूनच इतकी वर्षं भांडण मिटत नव्हतं.

काय केलं

सगळ्यात आधी स्टाफच्या दुचाकी दारातून हलवल्या. स्वतःच्या आधी, मग शेजारच्या दोन दुकानांशी बोलून त्यांच्याही. तरी काही गाड्या येऊन उभ्या राहायच्या, पण सकाळी अकराला भिंत तयार होत नाही एवढं झालं. खर्च म्हणजे स्टाफच्या पार्किंगचे पासचे पैसे. एवढ्या साध्या गोष्टीला इतका उशीर का लागला याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मग गादी वर नेली. पोटमाळ्यातला डेड स्टॉक काढला, सेल लावून संपवला (काही साड्या तर फॉल लावून ठेवलेल्या, कोणासाठी ते कोणालाच आठवेना), आणि गॅलरीलगतच्या खोलीत बस्त्याची बैठक केली. फोन करून वेळ घ्यायची. गाडी दारात थांबते, माणसं उतरतात, दुकानाचा माणूस गाडी हमालवाड्याच्या पार्किंगमध्ये नेऊन लावतो, निघताना परत आणतो. रस्ता एकेरी असल्यामुळे गाडी परत आणायला मोठा वळसा पडतो, त्यामुळे शेवटचा चहा दिला की त्याला फोन करायचा असा नियम झाला. अण्णांना ही वेळ घेऊन यायची भानगड आवडली नव्हती, गिऱ्हाइकाला वेळ विचारायची म्हणजे काय, आपण काय डॉक्टर आहोत का. पण दोन मोठे बस्ते एकदम येऊन एक परत गेला असं पूर्वी व्हायचं, ते थांबलं.

खाली काउंटर पूर्ण रोजच्या मालाला. शोकेस दर आठवड्याला बदलायची, ती जबाबदारी नानांच्या सुनेकडे दिली, आणि खरं सांगायचं तर दुकानाचा चेहरा तिने बदलला. तिने किमतीच्या चिठ्ठ्या काचेत लावल्या. लक्ष्मी रोडवर जुन्या पठडीच्या दुकानात किंमत बाहेर लावणं म्हणजे पाप, पण बाहेरच्या बाईला आत यायला जी भीती वाटते ती किमतीचीच असते, हे तिने ओळखलं.

नानांचं मन राखायला, आणि थोडी शंका मलाही होती म्हणून, उपनगरात विकत काही न घेता लिव्ह अँड लायसन्सवर अकरा महिन्यांसाठी एक गाळा घेतला. पार्किंग भरपूर. तिथे काय झालं ते खाली.

मालकांशी बोलणी सुरू झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर. ऑफर नाकारली, पण पाडायला विरोध नाही असं लेखी कळवलं, बदल्यात नवीन इमारतीत कायमची पर्यायी जागा, तेवढ्याच क्षेत्रफळाची, आणि करार नोंदणीकृत. भाडेहक्क कोणाच्या नावाने याचाही निकाल लावला. वडील असताना दोघे भाऊ त्यांच्याबरोबर दुकानात बसायचे, त्याचे पुरावे, ती मनीऑर्डरची फाइल, जुनी लायसन्स, सगळं एकत्र केलं.

काय झालं

उपनगरातला गाळा चालला नाही. येणारी माणसं चांगली, गाडी आरामात लागायची, पण येऊन विचारायची की लक्ष्मी रोडच्या दुकानात जे आहे ते सगळं इथे आहे का. नव्हतंच, कसं असणार. स्टॉक दोन ठिकाणी वाटला की नेमकी हवी ती साडी नेहमी दुसरीकडे असते, मग माणूस टेम्पोने किंवा दुचाकीने साडी घेऊन धावतोय, तोवर गिऱ्हाईक कंटाळून गेलेलं. आणि शेजारी तुळशीबाग नव्हती, सोनार नव्हता, फॉल-पिकोवाली बाई नव्हती. तिथे येणारा फक्त आमच्यासाठी यायचा, आणि आवडलं नाही की सरळ घरी. मुदत संपल्यावर करार वाढवला नाही. नाना अजूनही म्हणतात की दोन वर्षं दिली असती तर चाललं असतं, आणि त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही, कारण तेवढं आम्ही थांबलोच नाही.

मुख्य दुकान सावरलं. पूर्वीचा बस्ता सगळा परत आला असं नाही, मोठ्या शोरूमला जाणारी घरं तिकडेच गेली. पण जे येतात ते वर बसतात, वेळ देतात आणि शेवटी गॅलरीच्या यादीत जातात. खालचा काउंटर आता दुकान चालवतो.

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि मधे मंडई स्टेशन आलं. पिंपरी-चिंचवडची बाई आता एकाच गाडीत बसून मंडईला उतरते. वहीत पहिल्यांदा निगडी, भोसरी, काळेवाडी अशी नावं वाढली, मेट्रो स्टेशनपर्यंत रिक्षा आणि पुढे मेट्रो करून येणारी. या लोकांकडे गाडी नसते हातात, त्यामुळे पिशवी जड नको असते. मग घरपोच पाठवायची सोय केली, मोठ्या खरेदीवर. हे आधी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि उपनगरात जागा घेऊन बसलो असतो तर ही बाई दारावरून पुढे गेलेली कळलीही नसती.

वेगळं काय करता आलं असतं

वही. दहा वर्षं आधी. नोटबंदीच्या वेळी किंवा निदान जीएसटीच्या वेळी गिऱ्हाईक मोजायला घेतलं असतं तर लॉकडाऊनच्या आधी दुकान बदललं असतं, आणि तो सगळा भरलेला स्टॉक निदान चुकीच्या मालाचा नसता. दुकानदार बिलं मोजतो. बिल न करता गेलेली बाई मोजत नाही, आणि तीच सगळ्यात जास्त सांगू शकते.

भाडेपावतीचं काम वडील असतानाच व्हायला हवं होतं. त्यांच्या हयातीत मालकांशी संबंध बरे होते, एका अर्जाचं काम होतं.

उपनगरातल्या गाळ्याबद्दल माझं मत असं की तो प्रयोग चुकीचा नव्हता, त्याची मांडणी चुकली. तिथे छोटं लक्ष्मी रोड करायला गेलो. तिथे फक्त बस्ता, फक्त वेळ घेऊन, आणि त्या दिवशी लागणारा माल सकाळी इथून न्यायचा, असं केलं असतं तर कमी जागेत झालं असतं. अर्थात हे आता सुचतंय. मुलगा याच्याशी सहमत नाही, त्याच्या मते शेजार नसेल तर काहीच चालत नाही.

आणि शेजाऱ्यांशी आधी बोलायला हवं होतं. फॉल-पिकोवाली, ब्लाउज शिवणारा मास्टर, बाजूचा बांगड्यांचा दुकानदार, हे सगळे त्याच गिऱ्हाइकावर जगतात. वही चालू झाल्यावर मुलाने त्यातल्या काहींना दाखवली, तेव्हा कळलं की तुळशीबागेच्या बाजूने येणारी बाई कुठल्या वेळेला कुठल्या फुटपाथने येते हे बांगडीवाल्याला कधीचंच माहीत होतं. त्याने त्याचा स्टूल त्याच हिशेबाने ठेवलेला होता.

मालकांशी चाललेली बोलणी अजून संपलेली नाहीत. क्षेत्रफळावर दोन्हीकडून होकार आहे. अडलंय ते तोंडावर. आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात यांना तेवढंच क्षेत्रफळ दिलं होतं, पण आत, पॅसेजमध्ये, आणि रस्त्याकडचा भाग नवीन विक्रीसाठी ठेवला होता. अण्णा तर सही करायला तयार झाले होते, फूट तर तेवढेच मिळतायत ना म्हणून. मुलाने थांबवलं. आता मसुद्यात रस्त्याकडच्या शटरची रुंदी फुटात लिहायची, तळमजला असा शब्द घालायचा आणि गॅलरी रस्त्याच्या बाजूलाच हवी अशी तीन वाक्यं आहेत, पैकी पहिली दोन मालकांनी मान्य केलीत. गॅलरीवर त्यांचा आर्किटेक्ट म्हणतो की ती जागा फुकट जाते.